तीस अक्षरांत अण्णा

रक्कम ठरायला पाच मिनिटं लागली होती. मजकूर ठरायला तीन रविवार पुरले नाहीत. आता चौथ्या रविवारी, फॉर्म बंद व्हायला दीड तास उरला असताना, सगळं घर बाइंडिंगच्या दुकानातल्या मोठ्या टेबलाभोवती एकमेकांकडे न बघता बसलं होतं. टेबलावर रेक्झिनचे तुकडे, खळीचं भांडं आणि मधोमध साहेबांचा लॅपटॉप.

"साहेब" म्हणजे घरातला मधला. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात तो कारकून होता, पण गळ्यात ओळखपत्राची दोरी रविवारीही असायची, म्हणून घराने त्याला परस्पर बढती देऊन टाकली होती. निधीच्या मोहिमेचा फॉर्म त्यानेच आणला होता. विद्यापीठाला शंभर वर्षं होत होती, नवं ग्रंथालय उभं राहत होतं, आणि जे कोणी पैसे देतील त्यांच्यासाठी ग्रंथालयाच्या दालनात एक भिंत राखून ठेवली होती. भिंतीवर प्रत्येक दात्याची एक पितळी पट्टी. पट्टीवर आपल्याला हवा तो मजकूर. कमाल तीस अक्षरे.

लोकांनी हात सैल सोडले होते, हे मात्र मान्य करायला हवं. कुणी अख्खी लिफ्ट दिली होती. एका बाईंनी आपल्या कुत्र्याच्या नावाने पाण्याचा कूलर दिला होता. तीनदा नापास झालेल्या एका गृहस्थांनी परीक्षा हॉलचे सगळे पंखे बदलून दिले होते आणि पट्टीवर लिहायला सांगितलं होतं, "त्या घामाच्या स्मरणार्थ". हे ऐकल्यापासून ताईला झोप नव्हती. घाम भिंतीवर जातो आणि अण्णा जात नाहीत, हे तिला सहन होईना.

ताई म्हणजे थोरली. दुकान आता तीच चालवायची. गेली चव्वेचाळीस वर्षं अण्णांनी विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर बसून प्रबंध बांधले होते. पोरं धापा टाकत यायची, कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटायची आणि म्हणायची, "अण्णा, चार वाजता खिडकी बंद होते." अण्णा चारच्या आत पुठ्ठा चढवून, पाठीवर सोनेरी अक्षरं ठोकून प्रबंध हातात द्यायचे. मग ती पोरं डॉक्टर व्हायची, प्राध्यापक व्हायची, दोन तर कुलगुरू झाली. अण्णा सातवी पास. विद्यापीठाच्या आत ते कधी म्हणून गेले नव्हते. प्रबंध जमा करायची मागची खिडकी, तिथवर त्यांची हद्द.

आणि दोन वर्षांपूर्वी ते परिपत्रक निघालं. यापुढे प्रबंध छापून, बांधून आणायची गरज नाही, फाइल पाठवली की झालं. परिपत्रकाचा मसुदा साहेबांच्या हातचा होता. वरून सांगितलं आणि त्याने लिहिलं, त्यात त्याचा काय दोष, असं ताई मनातल्या मनात म्हणायची, पण अण्णांपुढे म्हणायची तिची छाती नव्हती. त्या दिवसापासून अण्णा मुलाशी थेट बोलले नव्हते. जेवताना मीठ हवं असलं तरी समोर बसलेल्या मुलाला ओलांडून म्हणायचे, "ताई, त्याला म्हणावं, मीठ सरकव."

म्हणून या पट्टीचा एवढा घोर. पट्टी लागली, पुढच्या फाटकातून अण्णा आत गेले, पहिल्या रांगेत बसले आणि ते सगळं साहेबांच्या हातून झालं, तर अण्णा कदाचित विरघळतील. निदान मीठ तरी थेट मागतील. ताईला दुसरं काही नको होतं.

अण्णा स्वतः या वादात नव्हते. "माझ्या नावाची अक्षरं मी मोजणार नाही," असं सांगून ते सकाळीच फिरायला निघून गेले होते.

"वाच पुन्हा," आत्या म्हणाली. आत्या अण्णांची धाकटी बहीण. चव्वेचाळीस वर्षं प्रबंधांची शिलाई तिची. सुई आणि जीभ, दोन्हींना धार.

ताईने वाचलं, "विद्यापीठाचे प्रबंध चव्वेचाळीस वर्षे प्रेमाने बांधणारे आमचे अण्णा."

"सत्तावीस अक्षरं," आत्याने बोटांवर मोजून सांगितलं. "तीन उरली."

"उरू देत."

"कशाला उरू देत? 'व बहीण' टाक. चार होतात, एक कुठूनतरी काढ. 'आमचे'ची गरज काय? तो आमचा आहे हे दिसतंच आहे."

"आत्या, पट्टी अण्णांची आहे."

"शिलाई कुणाची आहे? नुसत्या पुठ्ठ्यात कागद राहतात का?"

धाकटी इतका वेळ गप्प होती. तिने गवतावर पीएच.डी. केली होती, त्यामुळे घरात ती "डॉक्टर", आणि भाषेचा प्रश्न आला की गवतावरचा अधिकार ती भाषेवरही चालवायची. "'प्रेमाने' काढा," ती म्हणाली. "प्रेमाने नव्हतेच बांधत. माझा प्रबंध बांधताना तर शिव्या घालत होते."

"तू साडेतीनला आणला होतास!"

"भांडू नका," साहेब म्हणाले आणि त्यांनी तो सगळा मजकूर फॉर्मच्या चौकटीत टाइप केला. चौकटीखाली एक छोटा आकडा होता. तो धावत सुटला आणि लाल होऊन पासष्टवर थांबला.

सगळे पुढे वाकले.

"पासष्ट कुठून आले?" ताई म्हणाली. "सत्तावीस आहेत."

साहेबांनी डोकं खाजवलं. मग चष्मा वर करून त्यांनी एकेक अक्षर खोडून पाहिलं, पुन्हा टाइप केलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "ताई, कॉम्प्युटर काना वेगळा मोजतोय."

"म्हणजे?"

"काना एक. मात्रा एक. वेलांटी एक. डोक्यावरचा अनुस्वार एक. दोन शब्दांमधली मोकळी जागा पण एक."

"मोकळी जागा अक्षर कधीपासून झाली?"

"आणि जोडाक्षरात पहिल्या अक्षराचा पाय मोडतो ना, त्या मोडण्याचंही एक."

आत्याने कपाळाला हात लावला. "पाय मोडायचा आणि वर त्याचाही हिशेब धरायचा? तुझ्या विद्यापीठाला काही जनाची?"

ताईला मनापासून राग आला. अण्णा पाठीवरच्या अक्षरांचे पैसे अक्षरावर घेत. पण काना-मात्रेचे त्यांनी जन्मात कधी घेतले नाहीत. "स्त्री" लिहिलं तरी एकच अक्षर. एका पोराच्या प्रबंधाच्या नावात चौदा वेलांट्या होत्या, त्या सगळ्या फुकट. आणि ज्या विद्यापीठाला या माणसाने इतके काने सोडले, ते विद्यापीठ त्याच्याच पट्टीवर काने मोजत होतं.

मग कापाकापी सुरू झाली. "प्रेमाने" गेलं, तेव्हा डॉक्टर खूश झाली. "चव्वेचाळीस वर्षे" गेलं, तेव्हा साहेब रुसले, कारण तो आकडा त्यांचा होता. "व बहीण" आधीच गेलं होतं, त्यामुळे आत्या आता प्रत्येक शब्द घालवायच्या बाजूने मत देत होती. अण्णांचं खरं नाव घालावं असंही निघालं, पण ते नाव घरातच कुणाच्या तोंडी बसलं नव्हतं, बाहेर कोण ओळखणार? त्यांना सगळं जग अण्णा बाइंडर म्हणत होतं. शेवटी उरलं ते असं: "अण्णा बाइंडर यांच्या सन्मानार्थ".

आकडा एकतीसवर थांबला. लाल.

"एकच!" डॉक्टर ओरडली. "एकच जास्त!"

घड्याळात बाराला दहा कमी होते. बाराला फॉर्म बंद.

"'यांच्या' काढा," साहेब म्हणाले.

"आणि वडिलांना अरेतुरे करा," आत्या म्हणाली. "लोक म्हणतील पोरांना वळण नाही."

"मग 'अण्णा' आणि 'बाइंडर' जोडून टाका. मधली जागा वाचते."

"अण्णाबाइंडर?" आत्या म्हणाली. "हे काय खोकल्याचं औषध आहे?"

"'बायंडर' लिहून बघा," डॉक्टरने सुचवलं. लिहून बघितलं. तेवढेच झाले. मग "बाइंडर" शुद्ध की "बायंडर" शुद्ध यावर साहेबांशी वाद घालण्यात तिने तीन मिनिटं घालवली.

ताईने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. हे तिचं काम होतं. पाठीवर नाव मावेना की अण्णा काय करायचे, ते ती सोळाव्या वर्षापासून बघत आली होती. ठसे बारीक करायचे नाहीत, जागा चोरायची नाही, शब्द जोडायचे नाहीत. त्याच वजनाचा, पण एका अक्षराने बारीक असा दुसरा शब्द शोधायचा. आणि एक नियम त्याहून मोठा होता. अक्षर मोजायचं, वाचायचं नाही. वाचायला लागलं की डोळा जे असायला हवं ते बघतो आणि चूक निसटते. या नियमाने तिने हजारो प्रबंध निर्धोक काढले होते आणि त्यांपैकी एकाचंही नाव तिला आज सांगता आलं नसतं.

तिने डोळे बारीक केले. सन्मानार्थ. शेवटी र्थ हवा, रुबाब तोच हवा, एक बारीक हवा. बोटं आपोआप चालली. जुनं खोडलं, नवं घातलं.

आकडा तीस. हिरवा.

"बसलं!" साहेब ओरडले. आत्याने टाळी वाजवली. डॉक्टर म्हणाली, "ताई, तुझ्यासारखी तूच." ताईने बटण दाबलं, बाराला एक मिनिट कमी होतं. चौघांनी पडद्यावर तो मजकूर पाहिला, आणि चौघांपैकी वाचला कुणीच नाही.

*

समारंभ सकाळी अकराला होता. अण्णांनी पांढरा शर्ट घातला, वरच्या खिशात दोन पेनं लावली आणि विद्यापीठाच्या पुढच्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

"हे फाटक एवढं मोठं आहे?" ते ताईला म्हणाले. "मागून कळतच नव्हतं." मग साहेबांकडे न बघता, "त्याला विचार, चपला काढायच्या का?"

"नाही काढायच्या, अण्णा," साहेब म्हणाले.

"त्याला विचार, नक्की ना?"

दालनाच्या दारात मोहिमेच्या बाई उभ्या होत्या. हातात यादी, चेहऱ्यावर ठेवणीतलं हसू. साहेबांनी पट्टीवरचं नाव सांगितलं, बाईंनी यादीत बोट फिरवलं, आणि हसू लगेच मावळलं. त्यांनी ताईचे दोन्ही हात हातात घेतले.

"फार वाईट वाटलं," त्या म्हणाल्या.

ताईला वाटलं, बाई दुकानाबद्दल बोलत आहेत. परिपत्रकापासून काम बसलंच होतं. "आता सवय झाली," ती म्हणाली. "पहिले सहा महिने जड गेले. आता मी वह्या बांधते, डायऱ्या बांधते."

"मन गुंतवायलाच हवं कशाततरी," बाई हळव्या आवाजात म्हणाल्या. "अचानक झालं का?"

"एका दिवसात. सकाळी कागद आला आणि संपलं."

बाईंनी ताईचे हात आणखी घट्ट धरले. मग त्यांची नजर पांढऱ्या शर्टातल्या अण्णांकडे गेली. "आणि हे?"

"हे अण्णा," आत्या म्हणाली.

"अच्छा, म्हणजे हेही अण्णाच," बाई समजूतदारपणे म्हणाल्या आणि त्यांना दुसऱ्या रांगेत घेऊन गेल्या. पाच खुर्च्यांवर एक कागद चिकटवलेला होता: "दिवंगतांचे कुटुंबीय".

"दिवंगत कोण?" डॉक्टरने विचारलं.

"तुमची आई नाही का," आत्या म्हणाली. "चांगली माणसं आहेत. चौकशी करून ठेवली." आणि ती ऐसपैस बसली.

ताई मात्र बसता बसता अर्ध्यात थांबली. समोरच्या भिंतीवर दोन मखमली पडदे होते. डाव्या पडद्यावर कागदाची पाटी: सन्मानार्थ. उजव्यावर: स्मरणार्थ. पडद्याच्या वर, झाकायची राहिलेली, पंखेवाल्यांची पट्टी चमकत होती. त्या घामाच्या स्मरणार्थ.

आयुष्यात पहिल्यांदा ताईने एक शब्द मोजला नाही, वाचला.

"साहेब," तिने शेजारच्या खुर्चीत बसलेल्या भावाचं मनगट पकडलं. "मी काय टाइप केलं होतं रे?"

"तीस बसलं होतं."

"तीस राहू दे. शब्द काय होता?"

साहेबांनी आठवायचा प्रयत्न केला. त्यांचे ओठ हलले, आणि मग त्यांचा रंग खळीसारखा झाला. "ताई," ते पुटपुटले. "आपण अण्णांना मारलं."

"आपण नाही. मी."

"पडदा थांबवतो," म्हणून साहेब उठले, पण त्याच क्षणी कुलगुरू माइकपाशी गेले आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. साहेब अर्धवट उभे राहून टाळ्या वाजवत पुन्हा बसले. परीक्षा विभागात तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुलगुरूंच्या भाषणात उभं राहता येत नाही, मग बाप मरो.

कुलगुरूंनी दात्यांच्या औदार्याबद्दल बरंच चांगलं सांगितलं. डावा पडदा उघडला, टाळ्या झाल्या. उजवा पडदा उघडला. वरून तिसरी, कूलरवाल्या कुत्र्याच्या शेजारी, नवी कोरी पट्टी होती: अण्णा बाइंडर यांच्या स्मरणार्थ.

कुलगुरू पट्टीजवळ गेले आणि त्यांनी ती वाचली. मग माइककडे परत आले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. "अण्णा बाइंडर गेले, हे मला आत्ता, या भिंतीवरून कळतं आहे," ते म्हणाले. "आपण सगळे दोन मिनिटं उभं राहून त्यांना आणि या रांगेतल्या सर्व दिवंगतांना आदरांजली वाहू या."

सगळा हॉल उभा राहिला. अण्णाही उभे राहिले. सगळे उभे असताना बसून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे भिंत त्यांना नुसतीच पिवळी दिसत होती, आणि माइकचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येत होता. त्यांनी मान खाली घातली आणि शेजारच्या बहिणीला हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

आत्याची लांबची नजर शाबूत होती. तिने पट्टी वाचली, पुन्हा वाचली.

"तू," ती म्हणाली.

"कधी?"

"आत्ताच. पडदा उघडला तेव्हा."

अण्णांनी थोडा विचार केला. "मग दोन मिनिटं होऊ देत," ते म्हणाले आणि पुन्हा मान खाली घालून उभे राहिले. स्वतःसाठी इतकं नीट, हालचाल न करता उभा राहिलेला माणूस त्या हॉलमध्ये दुसरा नसेल.

ताईला जमिनीने गिळावंसं वाटत होतं. ज्या माणसाला या दालनात एकदा आणायचं म्हणून चार रविवार भांडलो, त्याला आणलं आणि त्याचीच आदरांजली दाखवली. आता मीठच काय, ते पाणीसुद्धा कुणाकडे मागणार नाहीत. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मागच्या रांगेतली एक बाई तिच्या खांद्यावर थोपटत म्हणाली, "रडा, मोकळं व्हा."

दोन मिनिटं संपली. लोक बसले. पण पहिल्या रांगेतले एक जाडजूड प्राध्यापक बसेनात. "मला दोन शब्द बोलायचे आहेत," ते म्हणाले आणि कुणी हो म्हणायच्या आत माइकपाशी गेले. "मित्रहो, मी आज जो काही आहे तो अण्णांच्या त्या दुकानामुळे. शेवटच्या दिवशी माझा प्रबंध पावसाच्या पाण्यात पडला होता."

"चहाच्या," अण्णा पुटपुटले. "चहात पडला होता."

"तीनशे पानं त्यांनी एकेक करून इस्त्रीने वाळवली. पैसे विचारले तर म्हणाले, वाळवण्याचे काय पैसे." प्राध्यापकांनी रुमाल काढला. हॉलमध्ये इकडेतिकडे आणखी रुमाल निघाले. कुणीतरी मागून म्हणालं, "माझ्या नावातली चूक त्यांनीच पकडली होती." दुसरं कुणी म्हणालं, "मला दुपारी जेवायला घातलं होतं."

अण्णा मान वळवून वळवून बघायला लागले. आवाज ओळखू येत होते, चेहरे म्हातारे झाले होते. ताईने डोळे पुसून बापाकडे पाहिलं. अण्णांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चार वाजायच्या धास्तीने दुकानात उभ्या असलेल्या पोरांना ते जसे मान हलवून धीर द्यायचे, तसे ते मान हलवत होते.

"आणि अजूनही," प्राध्यापक रुमालाआडून म्हणाले, "अजूनही माझ्या कपाटात तो निळा प्रबंध..."

"मरून!"

सगळ्या माना वळल्या. अण्णा उभे होते.

"मरून रंगाचा आहे तो," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "त्या वर्षी निळं रेक्झिन मिळतच नव्हतं. सहा महिने सगळ्यांना मरून दिलं. घरी जाऊन बघ."

प्राध्यापकांचा रुमाल खाली पडला. मागच्या रांगेतली थोपटणारी बाई किंचाळली. कुलगुरूंनी एकदा पट्टीकडे आणि एकदा अण्णांकडे पाहिलं, आणि मग इतका वेळ सांभाळलेलं शहाणपण सोडून देऊन ते ओरडले, "अण्णा! चार वाजता खिडकी बंद होते!"

"तू तो दोन खंडवाला," अण्णा म्हणाले. "दुसऱ्या खंडाची पाठ मी उलटी ठोकली होती. अजून मनात आहे माझ्या."

मग जो गोंधळ झाला तो कुणाला आवरेना. लोक अण्णांना हात लावून बघत होते. या सगळ्यातून वाट काढत मोहिमेच्या बाई यादी छातीशी धरून आल्या. त्या रडायच्या बेतात होत्या. "पट्टी आजच्या आज बदलते," त्या म्हणाल्या. "पण मजकूर तुमच्याकडूनच आला होता हो. फॉर्म कुणी भरला होता?"

ताईने तोंड उघडलं.

"मी," साहेब म्हणाले. ते ताईच्या पुढे येऊन उभे राहिले. गळ्यातली दोरी त्यांनी मुठीत धरली होती. "माझी चूक आहे. फॉर्म माझ्या खात्यातून गेला."

अण्णा वळले. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मुलाच्या डोळ्यांत बघितलं.

"तू भरलास?"

साहेबांनी मान हलवली.

"खोटं बोलतोस," अण्णा म्हणाले. "इतकं घासून बसवलेलं काम तुझ्याच्याने होणार नाही. तुझ्या त्या परिपत्रकात एका वाक्यात सहा वेळा 'सदर' होतं. सदर प्रबंध, सदर विद्यार्थी, सदर खिडकी. मोजलेत मी." त्यांनी ताईकडे बोट केलं. "हे हिचं काम आहे. किती बसत होतं?"

"तीस," ताई म्हणाली. "सन्मानार्थने एकतीस होत होते, अण्णा. पाय मोडलेलंही मोजतात."

"आणि तू वाचलं नाहीस."

"नाही."

"शाबास," अण्णा म्हणाले. ते खरंच खूश झाले होते. मग त्यांनी बाईंकडे वळून सांगितलं, "पट्टी काढू नका. अक्षरं सरळ आहेत का?"

"आहेत," बाई म्हणाल्या.

"मग राहू द्या. मी गेल्यावर लावली असती तर हे सगळं मला कुठे ऐकायला मिळालं असतं?"

आत्याने नाक उडवलं. "मला एवढंच म्हणायचंय," ती म्हणाली, "की 'व बहीण' टाकलं असतं तर आज मीपण ऐकलं असतं."

निघायला दीड वाजला. पुढच्या पायऱ्या उंच होत्या, आणि मधली एक कडेला फुटलेली होती. ताई आणि डॉक्टर पुढे उतरल्या, आत्या मागून कुरकुरत येत होती. अण्णा वरच्या पायरीवर थांबले. साहेब त्यांच्या शेजारी उभे होते, हात पुढे करावा की नाही या विचारात. मग त्यांनी घसा साफ केला.

"अण्णा," ते म्हणाले, "सदर पायरी फुटलेली आहे."

अण्णांनी मुलाकडे पाहिलं. त्यांचं पोट आधी हललं, मग खांदे हलले, आणि मग ते मोठ्याने, तोंड उघडून हसले. दोन वर्षं दुकानात हा आवाज नव्हता. ताईने मागे वळून पाहिलं आणि तिथेच थांबली. अण्णांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, सगळं वजन टाकून.

"चल," ते म्हणाले. "सदर मयताला आधी चहा पाज."